जीएनएम + आयसीयूचा अनुभव : यूके, आखात की जर्मनी? एजंट साडेचार लाख मागतोय

धागाकर्ती : रात्रपाळी

नमस्कार मंडळी. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) २०१९, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू, त्यानंतर सलग चार वर्षं खाजगी रुग्णालयात आयसीयू. पगार हातात २२ हजार, रात्रपाळीला एकेका सिस्टरकडे तीन-चार पेशंट. बाहेर का जायचंय ते यातच आलं.

अडचणी अशा :

१) एजंट म्हणतो, "यूकेला आधी केअर असिस्टंट म्हणून जा, तिथे गेल्यावर नर्सची नोंदणी करा." त्यासाठी साडेचार लाख, निम्मे आधी. हे खरं धरायचं का?

२) जीएनएमवर नक्की कुठे कुठे नर्स म्हणून घेतात? की आधी पोस्ट बेसिक बीएस्सी (डिप्लोमानंतरची नर्सिंगची पदवी) करू?

३) दहावीची मार्कशीट आणि कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या. चालतं का?

४) स्वतःच्या खिशातून खरोखर किती जातात आणि वेळ किती लागतो?

जर्मनीबद्दल ऐकतेय, पण या वयात भाषा शिकायची भीती वाटते. वय २८.

---

पौंडपाव

आधी एजंटचं. २२ जुलै २०२५ पासून यूकेने परदेशातून केअर वर्कर घेणं बंद केलंय. म्हणजे तो जो रस्ता विकतोय तो अस्तित्वातच नाही. स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट, ज्याला सगळे 'सीओएस' म्हणतात, ते विकत घेण्याची वस्तू नाही. ज्यांनी लाखो रुपये मोजून ते घेतलं, त्यांच्यापैकी कितीतरी जणांच्या केअर होमचं लायसन्स पुढे रद्द झालं आणि साठ दिवसांत दुसरा स्पॉन्सर शोधा अशी पत्रं हातात पडली. नर्सच्या भरतीत तर यूके सरकारच्या आचारसंहितेप्रमाणे एजन्सीने उमेदवाराकडून भरतीची फी घ्यायचीच नसते. एजन्सीचे पैसे रुग्णालय देतं. पैसे कोण मागतंय एवढं पाहिलं तरी निम्मा गाळ खाली बसतो.

आता खरा रस्ता. तिथल्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलला, म्हणजे एनएमसीला, जीएनएम चालतं. त्यासाठी बीएस्सी करायची गरज नाही. खर्च असा : अर्जाची तपासणी १४० पौंड, सीबीटी (संगणकावरची परीक्षा) ८३, ऑस्की (तिथे जाऊन द्यायची प्रात्यक्षिक परीक्षा) ७९४, नोंदणी १५३. एकूण ११७०. यातले पहिले दोन तुमच्या खिशातून, म्हणजे २२३ पौंड, साधारण पंचवीस-सव्वीस हजार रुपये. वर आयईएलटीएस किंवा ओईटी या इंग्रजीच्या परीक्षेची फी. ऑस्की, नोंदणी, विमान आणि सुरुवातीचं राहणं हे बहुतेक ट्रस्ट (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेची, म्हणजे एनएचएसची रुग्णालयं) देतात, पण ऑफर लेटरमध्ये लिहिलेलं असेल तरच ते खरं.

सीबीटीचा भाग 'अ' म्हणजे आकडेमोड : १५ प्रश्न, ३० मिनिटं, पर्याय नाहीत, उत्तर टाइप करायचं. एक लिटर सलाइन आठ तासांत, सेट मिलीला २० थेंबांचा, तर मिनिटाला किती? १००० × २० ÷ ४८० = ४१.६७, उत्तर ४२. गणित सातवीचं, पण चुका होतात त्या एककांत. मायक्रोग्रॅम-मिलिग्रॅमची उडी आणि 'पूर्णांकात द्या' ही सूचना न वाचणं. भाग 'ब' १०० प्रश्नांचा, अडीच तासांचा. इथे आपल्याकडची सवय आड येते. "डॉक्टरांना कळवा" हा पर्याय आपण डोळे मिटून टिक करतो, तिथे बरेचदा नर्सने आधी स्वतः काय करायचं हे विचारलेलं असतं.

मात्र बाजार थंड आहे हे आधीच सांगतो. २०२२-२३ मध्ये ट्रस्ट केरळात येऊन ऑफर वाटत होते, ते दिवस गेले. २०२४ पासून परदेशी भरती आखडली आहे आणि तिथल्याच नव्या पदवीधरांना आधी जागा देतात. म्हणून क्रम उलटा ठेवा. सीबीटीचा निकाल दोन वर्षं चालतो, भाषेच्या परीक्षेचाही तेवढाच. उत्साहात दोन्ही आधी उरकून ठेवले आणि नोकरी मिळेपर्यंत मुदत संपली, असं होतं. आधी एनएचएस जॉब्जवर आयसीयूच्या जागा महिनाभर रोज बघा, स्पॉन्सरशिप देतो असं किती जण लिहितात ते मोजा, मग परीक्षेचे पैसे भरा.

---

कागदोपत्री

नावाचा प्रश्न सगळ्यात शेवटी घेतात आणि तिथेच सहा महिने जातात, म्हणून त्यावरच लिहितो.

आपली दहावीची मार्कशीट आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव अशी असते. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि मधलं नाव 'गिव्हन नेम'मध्ये. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, म्हणजे तीनपैकी दोन शब्द गेले. परदेशातल्या कारकुनाला ही दोन वेगळी माणसं वाटतात आणि त्याचं चुकतही नाही.

क्रम असा ठेवा. विवाह नोंदणीचा दाखला नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा (लग्नपत्रिका आणि भटजींचा कागद नव्हे). त्यासोबत महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घ्या, अर्ज ऑनलाइन होतो. ते राजपत्र जोडून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणीतलं नाव बदलून घ्या. कौन्सिलचं नाव बदलायच्या आधी गुड स्टँडिंग सर्टिफिकेट (नोंदणी चालू आणि निर्वेध असल्याचा कौन्सिलचा दाखला) मागवू नका, ते जुन्या नावाने जाईल आणि पुन्हा फी भरून मागवावं लागेल. दहावी-बारावीच्या मार्कशीटना हात लावायची गरज नसते, राजपत्र आणि दाखला जोडला की भागतं.

दुसरं, एमयूएचएसकडून (आरोग्य विज्ञान विद्यापीठ) ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे शिकलेल्या विषयांचा आणि तासांचा तक्ता, मागवायला आजच अर्ज टाका, नाशिकहून यायला वेळ लागतो.

---

खाट_क्रमांक_९

@कागदोपत्री, बाकी सगळं बरोबर, पण एमयूएचएस बीएस्सीवाल्यांसाठी. धागाकर्ती जीएनएम आहेत. त्यांची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची. ट्रान्सक्रिप्ट कॉलेजच्या प्राचार्यांच्या सहीने तयार होतो. नाशिकला अर्ज टाकला तर तो तसाच परत येईल.

आणि ट्रान्सक्रिप्ट हातात आला की विषयांची यादी नव्हे, तास तपासा. प्रत्येक विषयाचे थिअरीचे तास, प्रत्येक वॉर्डातले प्रात्यक्षिकाचे तास, आणि शेवटच्या वर्षातल्या इंटर्नशिपचे तास वेगळे. ही इंटर्नशिप कॉलेजची कारकून मंडळी हमखास गाळतात, कारण त्यांच्या ठरलेल्या नमुन्यात तो रकानाच नसतो. तिथे शेकडो तास हवेत विरतात. यूकेला फार फरक पडत नाही, जर्मनीत पडतो. बेरीज स्वतः करून बघा. शेवटच्या ओळीतली बेरीज आणि वरचे आकडे जुळत नाहीत असे ट्रान्सक्रिप्ट नेहमी दिसतात.

---

वाळूत_पाय

आखाताबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

आकर्षण उघड आहे : आयकर नाही, राहणं आणि वाहन बहुधा रुग्णालयाचं, सुट्टीला विमानाचं तिकीट, आणि भाषेची परीक्षा सहसा नाही. चार-सहा महिन्यांत माणूस रुजू होतो. घरावर कर्ज असेल तर हा हिशेब कोणत्याही युरोपपेक्षा लवकर जुळतो. कायमचं राहणं मात्र नाही. नोकरी संपली की परत, हे डोक्यात पक्कं ठेवूनच जायचं.

रस्ता : डेटाफ्लोकडून कागदांची पडताळणी, परवाना देणाऱ्या खात्याची संगणकावरची परीक्षा, मग परवाना. दुबईसाठी डीएचए, अबुधाबीसाठी डीओएच, सौदीसाठी एससीएफएचएस. सौदीत जीएनएमला 'टेक्निशियन' म्हणून वर्ग मिळतो, बीएस्सीला 'स्पेशालिस्ट'. पगाराची श्रेणी त्यावरच ठरते. पोस्ट बेसिक करायचंच असेल तर त्याचं खरं कारण हे.

डेटाफ्लोत अडकतं ते अनुभवाच्या पत्रावर. ते लोक तुमच्या रुग्णालयाला थेट ईमेल करतात. एचआरने उत्तर दिलं नाही, रुग्णालय बंद पडलं, किंवा पत्रावर जीमेलचा पत्ता असला, की 'पडताळणी होऊ शकली नाही' असा शेरा. पत्रात हवं ते : हुद्दा 'स्टाफ नर्स', विभाग, रुजू झाल्याची आणि सोडल्याची पूर्ण तारीख, पूर्णवेळ काम, खाटांची संख्या, सही करणाऱ्याचं नाव-पद आणि रुग्णालयाच्या स्वतःच्या डोमेनचा ईमेल. पत्रातल्या तारखा पीएफच्या पासबुकाशी जुळल्या पाहिजेत. एक वर्ष वाढवून लिहून घ्यायचा मोह होतो, रुग्णालयंही देतात. पण खोटा अनुभव पकडला गेला तर तो शेरा पुढच्या अर्जांतही पाठ सोडत नाही.

भारतातून निघताना : यूएई, सौदी, कतार, कुवेत, ओमान, बहरीन हे सगळे त्या १८ ईसीआर (जाण्याआधी सरकारी तपासणी लागणाऱ्या) देशांत येतात. पासपोर्ट ईसीएनआर (ती तपासणी न लागणारा) असला तरी नर्सना २०१५ पासून सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून एमिग्रेशन क्लिअरन्स लागतो. "व्हिजिट व्हिसावर चला, तिथे बदलून देतो" म्हणणारा हाच क्लिअरन्स चुकवतोय. परवानाधारक एजंटला कायद्याने जास्तीत जास्त ३० हजार अधिक १८ टक्के जीएसटी घेता येतो, म्हणजे ३५,४००. तोही पावती देऊन.

करार वाचताना एकूण पगार बघू नका, बेसिक बघा. यूएईत ग्रॅच्युइटी पहिली पाच वर्षं दरवर्षी २१ दिवसांच्या बेसिकवर मिळते. एकूण ५,००० दिरहम, त्यात बेसिक २,००० असेल तर वर्षाचे १,४००. तेच बेसिक ३,५०० असेल तर २,४५०. हातात येणारी रक्कम सारखीच, म्हणून कुणी विचारत नाही.

---

बे_दोन

"या वयात भाषा" म्हणताय ताई, २८ म्हणजे काहीच नाही. पण भीती अगदीच अनाठायी नाही, कारण जर्मनीचा सगळा भार भाषेवरच आहे.

परवान्यासाठी बहुतेक राज्यांत बी-२ (भाषेची वरची मध्यम पातळी, तिच्या खालची बी-१) लागतं. शून्यापासून बी-२ म्हणजे वर्गातले साधारण ६०० ते ७५० तास. नोकरी सोडून रोज शिकलात तर दहा-बारा महिने, नोकरी सांभाळून दीड-दोन वर्षं. पुण्या-मुंबईत मॅक्स म्युलर भवन (गोएथे संस्था) आहे. गोएथेची बी-१ आणि बी-२ परीक्षा चार भागांत असते, प्रत्येक भागात १०० पैकी ६० हवेत, आणि नापास झालात तेवढाच भाग पुन्हा देता येतो. माणसं बहुधा ऐकणं आणि लिहिणं यात अडकतात. आपल्याकडचे क्लास व्याकरण घोटून घेतात, पण वॉर्डात आजोबा दातांची कवळी न लावता बोलतात ती जर्मन कुणी शिकवत नाही.

प्रक्रिया : ज्या राज्यात नोकरी, त्या राज्याच्या कार्यालयाकडे पदवीची मान्यता मागायची. ते तुमचे तास त्यांच्या शिक्षणाशी ताडून बघतात. त्यांचं शिक्षण २,१०० तास थिअरी आणि २,५०० तास प्रात्यक्षिक असं आहे (म्हणून वर खाट_क्रमांक_९ यांनी इंटर्नशिपबद्दल लिहिलं ते सोन्यासारखं). मग पत्र येतं, कमी काय पडलं त्याचं. त्यावर दोन वाटा : काही महिन्यांचा पूरक अभ्यासक्रम, किंवा केंटनिसप्र्युफुंग नावाची परीक्षा, एक तोंडी आणि एक वॉर्डातली प्रात्यक्षिक. प्रत्येक भाग एकदाच पुन्हा देता येतो. मान्यता हातात येईपर्यंत मदतनीसाच्या पगारावर काम, नंतर 'फ्लेगेफाखफ्राउ', म्हणजे मान्यताप्राप्त नर्स म्हणून सरकारी वेतनकरारात महिना ३,००० युरोंच्या वर. एकट्या माणसाला कर आणि विमा मिळून पस्तीस टक्क्यांच्या आसपास कापले जातात. तो आकडा पाहून पहिल्या महिन्यात सगळ्यांनाच घेरी येते.

अपोस्टिलवर पैसे घालवू नका. भारताने केलेलं अपोस्टिल जर्मनी मानत नाही, त्यांनी त्यावर आक्षेप नोंदवलेला आहे. त्या राज्याचं कार्यालय काय मागतं ते आधी लेखी विचारा.

बाडेन-व्युर्टेमबर्ग आणि महाराष्ट्र सरकारचा २०२४ चा करार आहे, त्यात नर्सिंगही येतं. खाजगीतून जायचं तर एजन्सीकडे 'फेअर आनवेर्बुंग फ्लेगे' ही सरकारी मोहोर आहे का बघा. ती असेल तर भरतीचा खर्च मालकाकडे. जर्मन शिकवण्याचे दोन लाख घेऊन "नोकरी पक्की" म्हणणारे क्लास पुण्यात गल्लोगल्ली झालेत, त्यांच्याकडे ती नसते.

जमेची बाजू : कुशल कामगार म्हणून तीन वर्षांत कायमचा निवास मिळू शकतो, मुख्य अटी पेन्शनची वर्गणी ३६ महिने आणि बी-१. यूकेत उलट पाच वर्षांची मुदत दहावर न्यायच्या हालचाली मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेपासून सुरू आहेत.

आणि एक न सांगितली जाणारी गोष्ट. तिथे पेशंटजवळ नातेवाईक नसतो. अंघोळ, भरवणं, डायपर, कूस बदलणं हे सगळं नर्सच करते, मावशी-मामा नाहीत. आयसीयूतून आलेल्या मुलींना वाटतं आपलं शिक्षण वाया गेलं. ते तिथलं कामच आहे, अपमान नाही. हे आधी माहीत असलं की सहा महिन्यांत बॅग भरून परत यायची वेळ येत नाही.

---

रात्रपाळी

सगळ्यांचे खूप आभार. एजंटला 'नाही' असं कळवलं. इंटर्नशिपचे तास खरंच ट्रान्सक्रिप्टमध्ये नाहीत, आत्ता काढून बघितला!

यूकेबद्दल अजून दोन : आयईएलटीएस की ओईटी? आणि पगार हातात नेमका किती येतो? अमेरिकेचं कुणीच बोललं नाही?

---

पौंडपाव

आयईएलटीएसला वाचन, ऐकणं, बोलणं यांत ७ आणि लेखनात ६.५. ओईटीला तिन्हींत बी, लेखनात सी-प्लस. ओईटीची फी जवळजवळ दुप्पट, पण लेखन म्हणजे केस नोट्सवरून रेफरलचं पत्र, १८० ते २०० शब्द. चार वर्षं हँडओव्हर दिलेल्याला ते 'जागतिक तापमानवाढीवर निबंध' लिहिण्यापेक्षा सोपं जातं. चूक एकच होते : केस नोट्समधलं सगळंच पत्रात ओतायचं. पाच वर्षांपूर्वीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन आत्ताच्या जखमेच्या ड्रेसिंगसाठी पाठवताना लिहायचं नसतं. थोडक्यात हुकलं तर बारा महिन्यांतल्या दोन प्रयत्नांचे गुण एकत्र धरता येतात.

पगार : बँड ५ ची (नोंदणी झालेल्या नर्सची पहिली वेतनश्रेणी) सुरुवात २०२५-२६ ला वर्षाला ३१,०४९ पौंड. पेन्शन ८.३ टक्के, कर, नॅशनल इन्शुरन्स जाऊन महिना १,९८० च्या आसपास. लंडनबाहेर घरातली एक खोली ५०० ते ७००. रात्र आणि शनिवार ३० टक्के जास्त, रविवार ६० टक्के. पेन्शन वाचवायला बाहेर पडू नका, मालक त्यात २३ टक्क्यांहून जास्त घालतो आणि दोन वर्षांच्या आत सोडलंत तर स्वतःची वर्गणी परत मिळते. ऑस्की पास होईपर्यंत मात्र बँड ५ नाही, बँड ३ किंवा ४.

ऑस्कीचं थोडं, कारण पहिल्या फेरीत चांगल्या नर्स नापास होतात. दहा स्टेशनं. रुजू झाल्यापासून साधारण तीन महिन्यांत पहिला प्रयत्न, आठ महिन्यांत पास व्हावं लागतं. हाताला सवय असते म्हणूनच पंचाईत. औषध बरोबर देतात पण मनगटावरची पट्टी वाचून नाव-जन्मतारीख पेशंटच्या तोंडून वदवून घेत नाहीत. ॲलर्जी विचारत नाहीत. श्वास पंधरा सेकंद मोजून चारने गुणतात, तिथे पूर्ण मिनिट मोजायचा. चार्टवर सही केली, वेळ लिहिली नाही. यातलं काहीच न येणारं नाही, पण परीक्षक बघतो तेच. आणि चार वर्षं सर्रास लावलेली व्हेनफ्लॉन (शिरेतली सलाइनची सुई) तिथे गेल्यावर लगेच लावता येत नाही. आयव्ही औषधंसुद्धा ट्रस्टचं प्रशिक्षण होऊन सही मिळाल्याशिवाय नाही.

करारात 'क्लॉबॅक' शोधा : दोन-तीन वर्षांच्या आत सोडलं तर किती परत द्यायचं. रक्कम महिन्यागणिक कमी होत जाणारी असावी आणि प्रत्यक्ष झालेल्या खर्चापुरतीच. ठोक आकडा लिहिला असेल तर सही करण्याआधी खुलासा मागा.

---

खाट_क्रमांक_९

अमेरिका : नर्सच्या परवान्याची एनक्लेक्स परीक्षा भारतात देता येते, जीएनएमवर बसू देतात की नाही ते त्या-त्या राज्याच्या बोर्डावर. अडचण परीक्षेची नाही, रांगेची. नर्सचं ग्रीन कार्ड (कायमचा निवास) ईबी-३ या नोकरीवर आधारित वर्गात येतं आणि भारतीयांची रांग दहा वर्षांहून लांब आहे. वय २८ ला नाव लावून ठेवायला हरकत नाही, त्यावर योजना आखू नका.

इंटर्नशिपच्या तासांसाठी कॉलेजला तोंडी सांगू नका. अर्जासोबत तुमच्या इंटर्नशिपच्या पोस्टिंगची जुनी यादी आणि लॉगबुकाची झेरॉक्स जोडा, नाहीतर "रेकॉर्ड सापडत नाही" हे उत्तर ठरलेलं. नवा ट्रान्सक्रिप्ट मिळाला की तीन प्रती सीलबंद पाकिटात मागा, पाकिटाच्या झडपेवर शिक्का आणि सही. आणि एक स्वतःसाठी उघडी. सीलबंद पाकीट उत्सुकतेने फोडलं की ते बाद.